शांत कोपरा

दाराबाहेर काढलेल्या चपला सगळ्या बायकांच्या होत्या. आत भिंतीवर मोठ्या अक्षरांत 'पालक प्रशिक्षण' असं लावलेलं, आणि खाली सतरंजीवर बसलेल्या सगळ्या आया. बाप एकही नाही. पूनमला पहिल्या दिवशी ते खटकलंसुद्धा नाही. शाळेचं बोलावणं आलं की आई जाते, दवाखान्यात न्यायचं असलं की आई नेते, तसंच हेही असणार, असं समजून ती भिंतीला टेकून बसली आणि मोबाईल आवाज बंद करून पदराखाली ठेवला.

देऊळघाटहून बुलढाण्याला ती आली होती ती राखीसाठी. राखी तिची एकुलती एक, तिसरीतली. आता ही पोरगी कशी होती ते सांगायचं म्हणजे, एका वेणीला रिबीन लावून होईपर्यंत तिनं दुसरी वेणी सोडलेली असायची. शाळेत निघाली की दप्तर ओट्यावर आणि ही फाटकाबाहेर. तुम्ही प्रश्न विचारायला तोंड उघडलं की अर्ध्यातच उत्तर हजर, आणि ते उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचं. एकदा शेजारच्यांच्या गोठ्यातली शेळी ओरडते म्हणून तिनं सगळ्याच शेळ्या सोडून दिल्या, आणि शेळ्यांनी निम्म्या गल्लीच्या कुंड्या खाल्ल्या. पण कुणी आजारी पडलं की राखी त्याच्या उशाशी सगळ्यात आधी. आजोबांचे पाय चेपायला बसली की चेपता चेपता त्यांना दिवसभराचं सगळं गाव सांगायची.

शाळेतून मात्र रोज तक्रार. जागेवर बसत नाही. वही पूर्ण करत नाही. दुसऱ्याला लिहू देत नाही. बाईंची पट्टी खाऊन आली की घरी आजीचा हात तयारच असे. "एवढी मोठी घोडी झाली अन् एका जागी बसनं नाई येत," म्हणून झुंबरबाई पाठीत एक द्यायच्या, आणि मग सुनेकडे पाहायच्या. ते पाहणं मारापेक्षा जास्त लागायचं. पोरीला लाडावून ठेवलं कुणी, हे त्यांना बोलून दाखवावं लागत नसे.

शेवटी पूनमच तिला बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी दोन-तीन वेळा बोलावलं, राखीला खेळवलं, बोलतं केलं, पूनमला शंभर गोष्टी विचारल्या आणि सांगितलं, की हिला एडीएचडी आहे. हा हट्ट नाही, लाडही नाही आणि तुम्ही लावलेल्या वळणाचा दोषही नाही. मेंदूची घडणच तशी आहे, आणि तिला सांभाळून घेण्याच्या रीती आहेत, त्या शिकता येतात. परतताना काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून बसलेल्या माणसांमध्ये पूनम खिडकीकडे तोंड करून रडली. आपला दोष नाही, हे तिला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

घरी सांगितल्यावर झुंबरबाई म्हणाल्या, "आमच्या वक्ताले असे रोग नोते." सासरे उत्तमराव काही बोलले नाहीत, ते एरवीही फारसं बोलत नसत. नवरा गोकुळ वांगी आणि टोमॅटो लावायचा आणि माल स्वतःच्या पिकअपमधून बाजारात न्यायचा. त्यानं हात धुता धुता म्हटलं, "चाला, काय हाये ते समजलं त खरी. आता तू पाहून घे तिचं." आणि जेवायला बसला.

शाळेत मुख्याध्यापक शालिग्राम सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बुलढाण्याला एका संस्थेचं पालकांचं प्रशिक्षण सुरू झालं आहे. ते करा तुम्ही. घरी वळण लागलं की शाळेत आपोआप लागते." पूनमनं मान हलवली. शाळेनंही काही शिकायचं असतं, हे तेव्हा तिच्या डोक्यात आलं नाही, आणि सरांच्या तर नाहीच नाही.

असे तिचे गुरुवार सुरू झाले. सकाळी लवकर स्वयंपाक, धुणं, राखीची शाळा, आणि मग बुलढाण्याला. शिकवणाऱ्या जयमालाताई अकोल्याच्या होत्या, बोलायला गोड आणि कामाला पक्क्या. पडद्यावर दाखवलेल्या चित्रांमधली घरं मात्र कुठल्या तरी मोठ्या शहरातली असायची. मुलाची वेगळी खोली, खोलीत टेबल, टेबलावर दिवा. बायका चित्राकडे पाहायच्या आणि एकमेकींकडे पाहून हसायच्या. पण सांगणं खरं होतं. एका वेळी एकच गोष्ट सांगा. लांबून ओरडू नका, जवळ जा, नाव घ्या, खांद्यावर हात ठेवा, मग सांगा. चांगलं केलं की तिथल्या तिथं बोला, आणि नुसतं 'शाबास' नको, काय चांगलं केलं ते बोला. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांनी एकच नियम धरा.

आणि एका गुरुवारी त्यांनी शांत कोपरा सांगितला.

"मुलाचं डोकं तापलं, काहीच सुचेनासं झालं, की त्याला जाऊन बसता येईल अशी एक जागा करा," जयमालाताई म्हणाल्या. "त्याच्या आवडीचं काहीतरी तिथं ठेवा. पाच-दहा मिनिटं. मोठं माणूस जवळपास हवं. आणि लक्षात ठेवा, ही शिक्षा नाही. मूल स्वतः जाईल आणि स्वतः उठून येईल."

पूनमनं त्याच संध्याकाळी धान्याच्या कोठीशेजारी पोत्याची घडी घातली, वर जुनी ओढणी पसरली आणि सीताफळाच्या बियांचा डबा ठेवला. राखीला त्या बिया ओळीत मांडायला फार आवडायचं. पहिले काही दिवस पोरगी तिथं जाऊन नुसत्या उड्या मारत होती. मग एकदा गणिताच्या वहीवरून रडारड झाली, वही भिरकावली गेली, आणि राखी एकाएकी उठून आपण होऊन कोपऱ्यात जाऊन बसली. पूनम चुलीपाशीच होती. तिनं मुद्दाम तिकडं पाहिलं नाही. थोड्या वेळानं राखी आली आणि म्हणाली, "मम्मी, माहं डोकं थंड झालं." आणि वही उचलली.

दुसऱ्या दिवशी पूनम धावतच शाळेत गेली. वर्गशिक्षिका अर्पिता मॅडम आणि शालिग्राम सर, दोघांनाही तिनं शांत कोपरा कसा करायचा ते समजावून सांगितलं. बोलताना तिला धाप लागत होती, एवढी ती आनंदात होती. अर्पिता मॅडम नवीन लागलेल्या, वर्ग भरगच्च. त्या सरांकडे पाहत राहिल्या. सर हसले. "वा, चांगलं आहे. आपणही करू."

घरी मात्र एक नियम कुणी धरेना. पूनमनं सांगावं, जेवल्याशिवाय मोबाईल नाही. आणि गोकुळनं घरात पाऊल टाकताच, पोरगी जराशी कुरकुरली की खिशातला मोबाईल तिच्या हातात द्यावा आणि स्वतः बाहेर निघून जावं. पूनमनं जवळ जाऊन, खांद्यावर हात ठेवून एक गोष्ट सांगावी. तेवढ्यात मागून झुंबरबाईंनी चार गोष्टी ओरडाव्यात आणि पाचवी पाठीत द्यावी.

"आई, मारू नका ना तिले. मारल्यानं अजून बिघडते, तथी सांगतात," पूनम म्हणायची.

"तथी सांगतात! मी चार पोट्टे वाढवले, मले कोनी शिकवाले आलं होतं का?"

गोकुळला म्हटलं, एका गुरुवारी तरी चला, तर तो म्हणायचा, "मी येऊन काय करू? तू जाऊन राह्यली ना, मंग? तू सांग, मी आयकतो." आणि सांगायला लागलं की ऐकता ऐकता त्याला फोन यायचा.

असं करता करता पाऊसकाळ सरला, दिवाळी होऊन गेली. आणि एका गुरुवारी जयमालाताईंनी, सगळ्या बायकांपुढं, हातातला कागद पाहत म्हटलं, "पूनमताई, मी राखीच्या शाळेत फोन केला होता. सर म्हणाले, काहीच फरक नाही, उलट अभ्यासात मागं पडली आहे. घरी सातत्य कमी पडतंय का? आईनंच नियम मोडला, की मूल गोंधळतं हो."

सगळ्या बायका पूनमकडे पाहायला लागल्या. कुणी हळहळलं, कुणाला बरं वाटलं असेल, की आज आपला नंबर नाही. ती उठून उभी राहिली. ती सभेत बोलणारी बाई नव्हती. लग्नात उखाणा घ्यायला सांगितला तरी तिचा आवाज फुटत नसे. पण त्या दिवशी फुटला.

"मॅडम, तुमी बाहेर काय लिहून ठेवलं? पालक प्रशिक्षन. पालक म्हंजे कोन? आईच काय? इथी एक तरी बाप दिसते का तुमाले?"

"अहो, वडिलांना वेळ नसतो ना..."

"आमाले हाये वेळ? मी पहाटीच उठून पाच जनाइचा सैपाक करून येतो. ही जनकाबाई मलकापूरकडून येते, तिचं लेकरू शेजारनीपाशी ठिवून. अन् तुमी दुपारच्या वक्ताले वर्ग ठिवला. बापाइले एकदा तरी फोन केला का तुमी? नाई केला. घरात मोठे मानसं चार हायेत. तिघं नियम धरत नाईत, अन् सातत्य माहं कमी?"

जनकाबाई खाली मान घालून रडायलाच लागली. जयमालाताईंनी कागद खाली ठेवला. "बसा, पूनमताई. आपण बोलू," त्या म्हणाल्या, पण पूनम बसली नाही. पिशवी उचलली आणि निघाली.

गाडी देऊळघाटला पोचली तेव्हा शाळा सुटायला वेळ होता. एरवी ती सरळ घरी जायची. आज तिच्या पायांनी शाळेची वाट धरली. सर म्हणतात फरक नाही. पण घरी ती स्वतः फरक पाहत होती. थोडा, पण होता. मग शाळेत काय होत होतं? तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं.

तिसरीच्या वर्गाच्या खिडकीतून तिनं डोकावलं. राखीची जागा कुठली ते तिला ठाऊक होतं. त्या जागेवर दुसरीच मुलगी बसलेली. पूनमनं सगळ्या रांगा पाहिल्या. राखी नव्हती. ती व्हरांड्यानं पुढं गेली, आणि टोकाला, पाण्याच्या टाकीच्या मागं, तिला पोरीची वेणी दिसली.

राखी भिंतीकडे तोंड करून फरशीवर बसली होती. दप्तर मांडीवर. आसपास कुणीही नाही. बोटानं ती भिंतीवरचा ओला पोपडा खरवडत होती.

"राखी! काय करून राह्यली इथी?"

राखीनं मान वळवली आणि तिचं तोंड उजळलं. "मम्मी! हा माहा शांत कोपरा हाये. सरनं देला."

"केव्हाची बसली?"

"सकाळपासून."

"आजच?"

"नाई, रोजच. प्रार्थना झाली, हजेरी झाली, का इथी याचं." आणि पोरीनं खालच्या आवाजात, जणू समजूत घालत म्हटलं, "मी उठत नाई, मम्मी. उठलं त सर अजून वाढवतात."

पूनम तिच्यापुढं खाली बसली. "मले सांगतलं काऊन नाई, बाई?"

राखीनं तिच्याकडे नवलानं पाहिलं. "तूच त सरले सांगतलं ना, शांत कोपरा करा म्हनून. मले वाटलं, तुले माईत हाये."

पूनमनं पोरीला छातीशी धरलं. इतके दिवस ही पोर इथं बसून समजत होती, की आपल्या आईनंच आपल्याला इथं बसवलं. आणि रोज घरी येऊन त्याच आईच्या गळ्यात पडत होती. ज्या शब्दानं घरी पोरीचं डोकं थंड व्हायचं, तो शब्द या माणसानं उचलला आणि त्याचा कोंडवाडा केला. आणि वर फोनवर सांगतो, फरक नाही, अभ्यासात मागं पडली! वर्गात बसूच दिलं नाही तर पुढं कशी जाईल?

शिपायानं जाऊन सांगितलं असेल. शालिग्राम सर आले. "अरे, ताई, तुम्ही? आत ऑफिसात या ना."

"नाई. मी इथीच बसतो."

"असं खाली बरं नाही दिसत."

"माही पोट्टी रोज बसते इथी. तवा बरं दिसते काय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला. "हे पाहा, तुम्हीच सांगितलेला उपाय आहे हा. तुमच्याच कोर्समधला. आम्ही तुमचं ऐकलं, आणि आता तुम्हीच... बाकीच्या पोरांचंही पाहावं लागते आम्हाले. त्यांच्या पालकांच्या तक्रारी येतात."

"पाच-दहा मिनिटं सांगतली होती म्या. कोनी मोठं मानूस जवळ पायजे म्हटलं होतं. शिक्षा नाई म्हटलं होतं. हे सगळं इसरले अन् एक कोपरा तेवढा ध्यानात राह्यला तुमच्या?"

"आवाज खाली ठेवा, वर्ग सुरू आहेत."

"हिचा वर्ग कुठी सुरू हाये, सर?"

सर ऑफिसात गेले. पूनमनं तिथंच बसून दोन फोन केले. पहिला जयमालाताईंना. दुसरा गोकुळला. तो म्हणाला, माल उतरवून राह्यलो, संध्याकाळी पाहू. ती म्हणाली, "संध्याकाळी नाई. आता या. नाई आले त मी इथून उठनार नाई, अन् घरीही येनार नाई."

तिच्या आवाजात असं काही होतं की तो आला. अंगावर टोमॅटोच्या क्रेटची धूळ, पायांना गाळ. व्हरांड्यात बायको खाली बसलेली पाहून आधी तो इकडंतिकडं पाहायला लागला, कुणी पाहतं की काय. "काय हे, पूनम? ऊठ. घरी चाल. मी बोलतो सराशी मंग, सबुरीनं."

"बसा इथी."

"अवं, पन..."

"बसा म्हटलं ना. पोरीपाशी बसा."

तो बसला. आयुष्यात पहिल्यांदाच शाळेत राखीजवळ बसला होता. काय बोलावं हे न सुचून त्यानं विचारलं, "काय शिकली वं आज?"

"साताचा पाढा," राखी म्हणाली. "भिंतीतून आयकू येते. सात पंचे पस्तीसपर्यंत पाठ हाये मले. मंग मोटार सुरू होते अन् टाकीत पानी पडते, त समोरचं आयकू नाई येत."

गोकुळनं टाकीकडे पाहिलं. मग भिंतीकडे. पोरीनं खरवडून काढलेल्या पोपड्याची पांढरी पूड फरशीवर पडली होती. तो एकदम उठला आणि ऑफिसाकडे निघाला, मुठी आवळून. "सर! बाहेर या! दाखवतो तुमाले!"

पूनमनं धावत जाऊन त्याचा हात धरला. "थांबा. हात उचलला त उद्या सगळं गाव म्हनन, तशीच पोरगी अन् तसाच बाप. अन् हा राग माहा हाये. तुमी आज आले. मले बोलू द्या."

तेवढ्यात जयमालाताई आल्या. स्कूटर फाटकातच सोडून, स्कार्फही न काढता. त्यांनी टाकीमागची जागा पाहिली, राखीला पाहिलं. सर बाहेर आले आणि म्हणाले, "बघा मॅडम, तुमच्याच पद्धतीनं..."

"माझ्या पद्धतीनं?" जयमालाताईंचा गोड आवाज कुठं गेला कुणास ठाऊक. "पोरीला रोज दिवसभर बाहेर बसवता आणि मला फोनवर सांगता फरक नाही? आणि मी मूर्खासारखी तुमचं ऐकून या बाईला सगळ्यांसमोर बोलले! शांत कोपरा म्हणजे हद्दपारी नव्हे, सर. हे मी वरपर्यंत सांगणार आहे."

वर्गाच्या दारात अर्पिता मॅडम येऊन उभ्या होत्या. मागून पोरांची डोकी. मॅडमच्या डोळ्यांत पाणी होतं. "मला सरांनी सांगितलं तसं मी केलं," त्या म्हणाल्या. "मला खरंच नाही हो माहिती, एवढ्या मुलांमध्ये हिचं काय करायचं. मला कुणी शिकवलंच नाही."

पूनमला तिचाही राग आला. तरणीताठी, शिकलेली बाई. रोज हजेरी घ्यायची आणि पोरीला दाराबाहेर जाताना पाहायची. पण खोटं तरी बोलली नाही, एवढं पूनमनं मनात धरलं. "मंग शिका," ती म्हणाली. "मी शिकलो ना, दहावी नापास."

शालिग्राम सरांनी सगळीकडं पाहिलं. फाटकाशी दोन-चार माणसं जमली होती. "ठीक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून वर्गात बसवू."

"उद्यापासून नाई. आता."

"अर्धा तास राहिला शाळेचा..."

"अर्धा त अर्धा."

राखी वर्गात गेली. तिच्या जागेवरच्या मुलीला सरकवून अर्पिता मॅडमनी तिला पुढं बसवलं. पूनम दारातच उभी राहिली. पाच मिनिटं झाली नसतील, राखी उठली आणि खिडकीशी गेली, बाहेर पिकअपवर एक माकड चढलं होतं ते पाहायला. पोरं हसली. अर्पिता मॅडमचा हात पट्टीकडं गेला, थांबला. त्या उठून राखीजवळ गेल्या आणि अवघडून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "राखी, जागेवर बस." राखी बसली. पुन्हा उठली. पुन्हा बसली.

गावात त्यावर पुष्कळ दिवस बोलणं झालं. शालिग्राम सर भेटेल त्याला सांगायचे, की बाई भांडकुदळ आहे, पोरीचं काय घेऊन बसलात. बायका नळावर पूनमला पाहून बोलायच्या थांबायच्या. झुंबरबाईंनी तर दोन दिवस सुनेशी अबोला धरला. शाळेत जाऊन मास्तराशी भांडायचं म्हणजे घराण्याची अब्रू गेली. तिसऱ्या दिवशी उत्तमराव जेवता जेवता म्हणाले, "टाकीमांगं बसवलं तवा गेली अब्रू. ही त ते वापस आनाले गेली होती." आणि पुन्हा भाकरी मोडायला लागले. झुंबरबाईंचा हात पोरीवर उठायचा मात्र काही थांबला नाही. कमी झाला, एवढंच. जयमालाताईंची तक्रार वर गेली, आणि वरून एक साहेब येऊन चहा पिऊन गेले. सर आपल्या खुर्चीत होते तसेच राहिले. पण टाकीमागं पुन्हा कुणाला बसवायची त्यांची हिंमत झाली नाही.

जयमालाताईंनी वर्ग रविवारी घ्यायला सुरुवात केली आणि प्रत्येक बापाला स्वतः फोन केला. पहिल्या रविवारी थोडेच आले; त्यात गोकुळ होता, इस्त्रीचा शर्ट घालून. अर्पिता मॅडमही मागं येऊन बसल्या होत्या. जयमालाताईंनी बापांना विचारलं, "मूल चिडलं की घरी तुम्ही काय करता?" एक म्हणाला, समजावतो. दुसरा म्हणाला, प्रेमानं घेतो. त्याच्या बायकोनं मान दुसरीकडं वळवली. गोकुळचा नंबर आला. तो उठून उभा राहिला, मानेवरून हात फिरवला आणि म्हणाला, "म्या काईच नाई करत, मॅडम. पोट्टी रडली का मोबाईल देतो अन् बाहेर निंगून जातो."

सगळे हसले. "खरं बोललात," जयमालाताई म्हणाल्या, "खरं बोलायला धाडस लागतं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. जनकाबाई पूनमच्या कानाशी लागून म्हणाली, "किती मोकळ्या मनाचे हायेत वो तुमचे मालक. नशीब काढलं तुमी."

पूनम हसली नाही आणि तिनं टाळीही वाजवली नाही. ती इतके महिने येत होती. एकटी सांगत होती, एकटी करत होती, एकटी बोलणी खात होती. तिच्यासाठी कुणी एक टाळी वाजवली नव्हती. आणि हा माणूस एका रविवारी उठून, मी काहीच करत नाही एवढं म्हणाला, आणि त्याला टाळ्या!

परतीच्या वाटेवर पिकअप चालवता चालवता गोकुळनं दोनदा तिच्याकडं पाहिलं. "काय झालं? खरं बोललो ना मी?"

"बोलले."

"मंग?"

"मंग आता घरी जाऊन करा."

त्या संध्याकाळी गोकुळ राखीची वही घेऊन ओट्यावर बसला. त्यानं तिचं नाव घेतलं, खांद्यावर हात ठेवला, एकच गोष्ट सांगितली. राखीनं एक गणित मांडलं आणि मांजरामागं गेली. त्यानं तिला आणलं. ती पेन्सिलीला टोक करायला गेली आणि टोकयंत्र घेऊन आजोबांकडं गेली. त्यानं पुन्हा आणलं. तिसऱ्यांदा ती पाणी प्यायला उठली, तेव्हा त्याचा आवाज चढला. मग त्यालाच ते कळलं आणि त्यानं ओठ मिटले. कपाळावर घाम आला होता. त्याचा हात खिशाकडं गेला, मोबाईल चाचपला, आणि तसाच राहिला. त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडं पाहिलं.

"पूनम," त्यानं हाक मारली. "अवं पूनम, ये ना जरा."

पूनमनं ऐकलं. तिनं हातावरची भाकरी तव्यात टाकली, वरून पाणी फिरवलं आणि दाराकडं पाठ करून बसून राहिली.